मोंताल्चिनो : मामा, मामी आणि १९८५ची बाटली

द्राक्षबागायतदाराला परदेशात फिरवायचं तर मे महिन्यातच. माल विकून झालेला असतो, एप्रिलची खरड छाटणी उरकलेली असते आणि ऑक्टोबरच्या छाटणीला अवकाश असतो. माझे मामा पिंपळगाव बसवंतजवळचे. उभा जन्म थॉमसन या खायच्या द्राक्षांच्या बागेत गेला. मधल्या काळात एका वाईनरीशी करार करून त्यांनी दोन एकर वाईनची द्राक्षंही लावली होती. मग मंदी आली, कंपनीने माल उचलायला नकार दिला आणि २०१० साली मामांनी ती बाग मुळासकट उपटली. त्यामुळे वाईन या विषयावर त्यांची मतं ठाम आहेत.

मी म्युनिकला असते. मामा-मामी माझ्याकडे राहायला आले तेव्हा रोम, व्हेनिस अशी नेहमीची यादी पुढे केली. मामा म्हणाले, "दगड किती बघायचे? बाग दाखव एखादी." म्हणून टस्कनीतलं मोंताल्चिनो ठरवलं. ब्रुनेल्लो ही तिथली वाईन फक्त सांजोव्हेजे या एकाच द्राक्षाची असते आणि चांगल्या वर्षाची बाटली तीस-चाळीस वर्षं सहज टिकते. जुनी वर्षं उघडून चाखायला देणारी एक छोटी, घरची वाईनरी मी शोधून ठेवली होती.

गुरुवार, सिएना

फ्लॉरेन्सपर्यंत रेल्वे आणि पुढे बस. सिएनाला रेल्वेही जाते, पण स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी आहे आणि बस थेट गावाजवळ सोडते. गुडघे दुखणारी माणसं सोबत असतील तर बसच बरी.

काम्पो हा उतरता, विटांचा चौक बघून मामी तिथेच बसल्या. इतकी माणसं जमिनीवर फतकल मारून बसलेली त्यांनी युरोपात पहिल्यांदाच पाहिली. मामांना मी समोरच्या पालाझ्झो पुब्लिकोमध्ये नेलं. तिथे आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९मध्ये रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. कारभार चांगला असला तर शहर आणि शिवार कसं दिसतं, वाईट असला तर कसं, असा विषय. शहराच्या भागाकडे मामांनी पाहिलंही नाही. शिवाराच्या भागासमोर मात्र मान वर करून बराच वेळ उभे. नांगरट, मळणी, लादलेली गाढवं, उतारावरच्या वेली. "वेली उतारावरच आहेत बघ. पाणी साचू देत नाहीत. सातशे वर्षांपूर्वीही अक्कल होती."

शाकाहारी लोकांसाठी इथेच सांगते. मामी माळकरी आहेत, अंडंही चालत नाही. सिएनाच्या प्रसिद्ध मिठायांपैकी रिच्चारेल्लीमध्ये अंड्याचा पांढरा बलक असतो. पानफोर्ते मात्र मध, साखर, बदाम, पाकवलेली फळं आणि मसाल्यांचं असतं, ते चालतं. मामींनी त्यातली दालचिनी आणि लवंग बरोबर ओळखली आणि मग दुकानातली चव बघायची बशी दोनदा रिकामी केली.

शुक्रवार, मोंताल्चिनो

सिएनाहून बसही आहे, पण वाईनरी गावाबाहेर विखुरलेल्या असल्याने गाडी भाड्याने घेतली. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जुन्या गावांच्या आत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरे असतात आणि दंडाचं पत्र महिन्यांनी घरी येतं. गाडी तटाबाहेरच लावायची. दुसरं, इटलीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे. टेस्टिंगच्या दिवशी टॅक्सी सांगून ठेवावी, आम्ही तेच केलं.

बुओनकोन्व्हेंतो मागे टाकलं की रस्ता चढू लागतो. मेमध्ये गव्हाची शेतं हिरवीगार, बांधावर लाल खसखशीची रानफुलं, आणि दक्षिणेला मोन्ते आम्याता. १७३८ मीटर उंचीचा हा विझलेला ज्वालामुखी दक्षिणेकडून येणारी वादळं अंगावर घेतो, म्हणून मोंताल्चिनोला पाऊस आणि गारांचा त्रास आजूबाजूपेक्षा कमी. गारा म्हटल्यावर मागच्या सीटवरून मामांचा आवाज आला, "आपल्याकडं असा एखादा डोंगर कुणी आणून ठेवील तर निम्मं कर्ज फिटेल."

वाटेतली ऑलिव्हची झाडं त्यांना खटकली. एका खोडाचं झाड असं दिसेचना. बुंध्यातून तीन-तीन, चार-चार खोडं फुटलेली. "हे कलम असं नसतं. कुणीतरी मुद्दाम तोडलंय." मला उत्तर माहीत नव्हतं.

गाव एवढंसं. १३६१ साली सिएनाकरांनी बांधलेला पाचकोनी किल्ला, चढ-उताराच्या गल्ल्या आणि दर चौथ्या दाराआड वाईनचं दुकान. १५५५ साली सिएना पडल्यावर तिथले काही लोक इथे येऊन आणखी चार वर्षं आपलं प्रजासत्ताक चालवत होते. किल्ल्याच्या आतही वाईनचं दुकान आहे आणि तटावर चढता येतं. वर वारा इतका की मामींनी पदर डोक्याला घट्ट गुंडाळून घेतला.

खरी गंमत नगरपालिकेच्या जुन्या इमारतीपाशी. भिंतीवर रंगीत फरशा लावल्या आहेत, एकेका वर्षाच्या हंगामाची एकेक. फरशीवर चित्र, साल आणि तारे. पाच तारे म्हणजे अप्रतिम वर्ष, दोन म्हणजे जेमतेम. मामा चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून वाचायला लागले. १९९७ला पाच. २००२ला दोन. २०१०ला पाच.

"दोन हजार दहाला पाच?" ते उसळलेच. त्या वर्षी युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट हे वेलाची वाढ रोखणारं रसायन, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत सीसीसी, मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. त्याआधी नोव्हेंबर २००९मध्ये फयान वादळाच्या पावसाने डावणी हा बुरशीचा रोग पसरला होताच. वाईनची बाग उपटली तीही त्याच साली. नाशिककडच्या कुठल्याही बागायतदाराला २०१० विचारा, तो तारे देणार नाही. मग मामांनी २०१४ शोधलं. तिथे तीनच तारे. "हं. म्हणजे चौदानं यांनाही सोडलं नाही तर." फेब्रुवारी-मार्च २०१४ची गारपीट महाराष्ट्र विसरलेला नाही, आणि इकडे त्या वर्षीचा अख्खा उन्हाळा पावसात गेला होता. मामींनी विचारलं, चांगल्या-वाईट सालांची अशी भिंत पिंपळगाव बाजार समितीत का नाही? मामा म्हणाले, भिंत पुरायची नाही.

रात्री पीची खाल्ली. जाडसर, हाताने वळलेल्या शेवया, बहुतेक ठिकाणी नुसत्या पीठ-पाण्याच्या. तरी अंडं नाही ना हे विचारून घ्यावं. टोमॅटो आणि थोराड लसणाचा ‘आल्योने’ रस्सा शाकाहारी असतो. मटणवाल्यांसाठी रानडुकराचा असतो, तो मामांनी खाल्ला. पाव मात्र इथे बिनमिठाचा. त्यावर मामींनी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली आणि प्रश्न सोडवला.

शनिवार, वाईनरी

गावाच्या आग्नेयेला, सांत’आंतिमोच्या मठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ग्रेप्पो ही बिओन्दी-सान्ती घराण्याची मिळकत लागते. ब्रुनेल्लोची कथा तिथून सुरू होते. फेरुच्चो बिओन्दी-सान्ती हा गरिबाल्दीच्या सैन्यात लढून परतलेला तरुण. ताजी, हलकी वाईन पटकन विकून मोकळं व्हायचं अशी तेव्हाची रीत होती. याने निवडक वेलींचं निव्वळ सांजोव्हेजे घेतलं, लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरवलं आणि १८८८ साली ब्रुनेल्लो म्हणून बाटलीत भरलं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या हाती लागू नयेत म्हणून जुन्या बाटल्या भिंतीआड चिणून ठेवल्या होत्या असं सांगतात. त्यांच्या १९५५च्या रिझेर्व्हाची (म्हणजे जास्त काळ मुरवलेल्या ब्रुनेल्लोची) गणना एका अमेरिकन मासिकाने शतकातल्या बारा उत्तम वाईनमध्ये केली आणि या गावाचं नाव जगभर झालं.

आमची वाईनरी तिथून पुढे, खूपच लहान. नाव लिहीत नाही, कारण मालकीणबाईंनीच सांगितलं की जुन्या बाटल्या मोजक्या उरल्यात, गर्दी नको. बाई पंचाहत्तरीच्या, गमबूट घातलेल्या, इंग्रजीचा गंध नाही. नातू भाषांतराला. मामांचा हात हातात घेतला, तळवा उलटा करून घट्टे पाहिले आणि नातवाला काहीतरी म्हणाल्या. तो हसून म्हणाला, "आजी म्हणते, आधी तळघर नको. आधी बाग."

मामांचा अर्धा प्रवासखर्च इथेच वसूल झाला. वेली कमरेएवढ्या, तारेवर बांधलेल्या. मांडव नाही, ड्रिपही नाही. नेहमीचं पाणी देणं नियमातच बसत नाही, फार ताण पडला तरच वेल वाचवण्यापुरतं देता येतं. जमीन म्हणजे हातात घेतली की पापुद्रे सुटणारा खडक. गालेस्त्रो म्हणतात, आपण मुरूम म्हणू. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात, कारण थंडीत वेल झोपतो. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. हे ऐकून बाई थबकल्या. वेलाला विश्रांती कधी मिळते, असं त्यांनी दोनदा विचारलं. मामा म्हणाले, "माणसालाच मिळत नाही, वेलाचं काय?" नातवाने ते भाषांतर जपून केलं असावं, बाई गंभीर झाल्या.

मग उत्पादन. हेक्टरी आठ टनांपेक्षा जास्त द्राक्षं ब्रुनेल्लोला वापरता येत नाहीत. मामांनी मनात हिशेब केला : एकरी सव्वातीन टन. त्यांच्या बागेत एकरी दहा निघतात. शिवाय वाईन किमान दोन वर्षं लाकडात ठेवायची आणि द्राक्षं तोडल्यानंतरच्या पाचव्या वर्षाचा जानेवारी उजाडेपर्यंत विकायची नाही. रिझेर्व्हा असेल तर सहाव्या. "आणि तोवर सोसायटीचा हप्ता कोण भरतं?"

आतापर्यंतच्या पाहुण्यांपैकी हा प्रश्न कुणी विचारला नव्हता म्हणे. बाईंनी सविस्तर सांगितलं. त्यांचे वडील या जमिनीवर निम्म्या वाट्याने राबत, अर्धं पीक मालकाचं. असे नवे करार १९६४च्या कायद्याने बंद झाले. पुढे कर्ज काढून त्यांनी तुकडा विकत घेतला, पण हातात पैसा खेळत नव्हता. साठच्या दशकात हा भाग टस्कनीतल्या गरिबांतला गरीब होता. १९६६मध्ये ब्रुनेल्लोला कायद्याचं संरक्षण मिळालं, १९८०मध्ये इटलीतला सर्वांत वरचा दर्जा, तरी पाच वर्षं थांबायला पोट थांबत नाही. ऐंशीच्या दशकात रोस्सो दी मोंताल्चिनो या नावाला मान्यता मिळाली तेव्हा श्वास मोकळा झाला : त्याच द्राक्षाची, पण पुढच्याच वर्षी विकता येणारी वाईन. मामांनी मान डोलावली. त्यांच्या लेखी ब्रुनेल्लो हे मुदत ठेवीसारखं आणि रोस्सो म्हणजे चालू खातं.

तळघरात थंडावा. ओक लाकडाची माणसापेक्षा उंच पिंपं, बोत्ती. जुन्या लाकडातून वाईनला वास कमी लागतो, हवा मात्र हळूहळू मिळत राहते. जुन्या बाटल्या आदल्या दिवसापासून उभ्या करून ठेवल्या होत्या, गाळ तळाशी बसावा म्हणून.

मामा घेतात, पण मामींसमोर नाही. मामींनीच तिढा सोडवला. "शेतीचं काम आहे ना, मग घ्या," म्हणाल्या आणि बाईंच्या स्वयंपाकघराकडे निघून गेल्या.

सुरुवात बाजारात नुकत्याच आलेल्या वर्षाने. लाल, झळझळीत, चेरीचा वास आणि जिभेला कोरडं करणारा तुरटपणा. मामांनी घोट घेऊन थुंकपात्राकडे पाहिलं आणि गिळून टाकला. थुंकणं त्यांना अन्नाचा अपमान वाटला. (टेस्टिंगला जाणाऱ्यांनी मात्र निर्लज्जपणे थुंकावं. पाचवा पेला खरा महत्त्वाचा असतो आणि तिथवर जीभ शाबूत राहायला हवी. त्या दिवशी अत्तरही लावू नये.)

मग २०१४. पावसाचं वर्ष. बाईंनी त्या साली जवळजवळ निम्मा माल निवडून फेकला होता. पातळ अंगाची, थोडी आंबटसर, वासाला ओल्या मातीची आणि वाळलेल्या पाल्याची. मला वाटलं होतं केविलवाणी असेल. तशी नव्हती. दुपारच्या जेवणासोबत मी हीच मागेन. पावसाळी वर्षांना नावं ठेवणारे बहुतेक लोक तारे वाचतात, वाईन पीत नाहीत, असं माझं मत झालं आहे. मामांनी दोन घोट घेतले. "माल निवडलेला कळतो," एवढंच म्हणाले.

२०१०. काय सांगू? तो उन्हाळा फार तापला नव्हता, घड सावकाश पिकले. पेल्यात रंग अजून गडद, सुकवलेली चेरी, तंबाखू, संत्र्याची साल. तुरटपणा आहे पण टोचत नाही, आणि गिळल्यावरही बराच वेळ चव उतरत नाही. मामा गप्प. मग त्यांनी नातवाला ते कंटेनरचं सगळं सांगितलं, मी भाषांतर केलं. नातू तेव्हा शाळेत होता. बाईंनी ऐकून त्यांचा पेला पुन्हा भरला.

मामांनी २००२ मागितलं. "त्या वर्षी आम्ही ब्रुनेल्लो केलीच नाही." इतका पाऊस पडला की अनेकांनी द्राक्षं खालच्या दर्जाच्या वाईनमध्ये वळवली. मामांना यात नवल वाटलं नाही. "आपणही माल लागला की बेदाणा करतो."

१९९७ची पहिली बाटली बिघडलेली निघाली. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. बुचातून हा दोष येतो, त्यावर उपाय नाही. बाईंनी एकदाच हुंगून ती बाजूला सारली, चेहऱ्यावर रेषाही हलली नाही, आणि दुसरी उघडली. ती चांगली होती, पिकलेली, थोडी आळशी. २०१०नंतर मला तरी ती फिकी वाटली. नातवाचं मत उलट होतं.

शेवटी १९८५. बूच भुसभुशीत झालेलं, दोन पातळ पात्यांच्या चिमट्याने अलगद ओढून काढलं. रंग विटकरी, कडेला नारिंगी. आधी काहीच वास नाही. बाई म्हणाल्या, थांबा. बाटली इतकी वर्षं मिटलेली, पेल्यात तिला वीस मिनिटं तरी हवीत. तेवढ्यात त्यांनी त्या वर्षाची हकिगत सांगितली. १९८५च्या जानेवारीत टस्कनीत अशी थंडी पडली की ऑलिव्हची झाडं उभी फुटली. डोंगरच्या डोंगर वाळले. वडिलांनी सगळी झाडं जमिनीलगत कापली. पुढे बुंध्यांतून फुटवे आले, त्यांतले तीन-चार ठेवले.

मामांनी मांडीवर थाप मारली. "तरीच! सांगत होतो ना, कुणीतरी तोडलंय."

आणि त्याच सालचा उन्हाळा सुरेख गेला, द्राक्षं अशी आली की पाच तारे. ऑलिव्ह गेलं, वेल तरला. आता पेल्यातून वास येऊ लागला होता : चहाची पत्ती, जुनं कातडं, वाळलेली गुलाबपाकळी, लोखंडासारखं काहीतरी. तुरटपणा जवळपास विरघळलेला, आंबटपणा मात्र खणखणीत, त्यानेच ती उभी होती. दहा मिनिटं ती फार सुंदर होती. मग झपाट्याने मावळली. जुनी वाईन मागवलीत तर फोटो काढत बसू नका.

तेवढ्यात मामी आणि बाईंची सून वरून पाव-बीन्सचं सूप आणि बिनमिठाच्या पावावर शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या. नातवाने हात जोडून विनंती केली, चटणी पेल्यांनंतर. आजीने ऐकलं नाही. एक घास खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, दुसरा घास घेतला.

जाणाऱ्यांसाठी : मेल किमान महिनाभर आधी करा आणि जुनी वर्षं हवीत हे स्पष्ट लिहा, नाहीतर नेहमीचं तीन पेल्यांचं टेस्टिंग मिळतं. आम्हाला त्याच्या चौपट पैसे पडले. एक ते तीन सगळं बंद असतं, लहान वाईनरी रविवारी बहुधा उघडत नाहीत. आणि हे सगळं न जमल्यास सांजोव्हेजेची तोंडओळख महाराष्ट्रातही होते. अकलूजच्या फ्रातेल्ली वाईनरीने प्येरो मासी या टस्कन वाईनमेकरच्या हाताखाली हे द्राक्ष लावलं, त्यांच्या ‘सेत्ते’मध्ये ते काबेर्ने सोव्हिन्योंसोबत असतं.

रविवार, सांत’आंतिमो आणि पिएन्झा

सकाळी पाऊस. सांत’आंतिमोचा मठ बाराव्या शतकातला, फिकट दगडाचा, शेतांच्या मधोमध. मामी आत दगडी बाकावर बसून हरिपाठ म्हणत होत्या, तिथे कुणी हरकत घेतली नाही.

पिएन्झाचं मेंढीच्या दुधाचं पेकोरीनो प्रसिद्ध, पण दूध घट्ट करायला त्यात बहुधा वासराच्या जठरातून काढलेलं विरजण घालतात. ‘काल्यो व्हेजेताले’ असं विचारलं तर काही दुकानांत वनस्पतीचं विरजण घातलेलं मिळतं. मामींनी ते घेतलं, वर एका डब्यात पानफोर्ते होतंच.

मामांनी निघताना बाईंकडून एकच बाटली विकत घेतली होती, २०१४. मी २०१० घेऊन देत होते, नको म्हणाले. किंमत निम्म्याहून कमी होती हे कारण त्यांनी सांगितलं आणि मी ते धरून चालले आहे. भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते, सामानात कपड्यांत गुंडाळून टाकायची. ठेवायची आडवी, अंधारात, बारा-चौदा डिग्रीत, असं नातवाने बजावलं होतं. नाशिकच्या मेमध्ये बारा डिग्री कुठून आणणार? त्यात मामींची अट, माळ घातलेल्या घरात बाटली नको. शेवटी ती ओळखीच्या शीतगृहात गेली. तिथे बेदाण्यासाठी चार डिग्री असतात, जरा जास्तच थंड, पण चालेल. मालकाने भाडं घेतलं नाही, उघडाल तेव्हा बोलवा म्हणाला. मामांनी त्याला अजून होकार दिलेला नाही.